भिंतीवर टांगलेला मनोविकार

आंद्रे ब्रुइए या फ्रेंच चित्रकाराने १८८७ साली पॅरिसच्या वार्षिक कलाप्रदर्शनात जे भव्य तैलचित्र मांडले, त्याचा विषय तेथीलच साल्पेत्रियेर इस्पितळातील एक व्याख्यान हा होता. मज्जासंस्थेच्या रोगांचे त्या काळचे अग्रगण्य अभ्यासक ज्याँ-मार्तँ शार्को हे श्रोत्यांना उद्देशून बोलत आहेत, त्यांच्या शेजारी ब्लांश विटमान ही रुग्ण स्त्री मूर्च्छित होऊन मागे कलली आहे, त्यांचे शिष्य जोझेफ बाबिन्स्की यांनी तिला सावरून धरले आहे, आणि समोर दाटीने बसलेले वैद्य, लेखक व प्रतिष्ठित नागरिक एकाग्र होऊन पाहत आहेत, असा तो प्रसंग. या चित्राच्या छापील प्रती दूरवर पोहोचल्या. त्यांतील एक सिग्मंड फ्रॉइड यांनी आपल्या रुग्ण तपासण्याच्या खोलीत लावली होती. परंतु पुष्कळ प्रेक्षकांच्या नजरेतून निसटणारी एक वस्तू त्यात आहे. श्रोत्यांच्या पाठीमागे, भिंतीच्या वरच्या भागी, एक मोठे रेखाचित्र टांगलेले असून त्यात देहाची कमान करून पडलेली एक स्त्री दाखविली आहे. श्रोत्यांची त्या चित्राकडे पाठ आहे; मूर्च्छा येण्यापूर्वी ते जिला समोर दिसले असेल अशी व्यक्ती म्हणजे विटमान. रोग कसा दिसावयास हवा हे सांगणारे चित्र रोग्याच्याच डोळ्यांपुढे लावलेले होते.

हे रेखाचित्र पॉल रिशे यांच्या हातचे. रिशे हे शार्को यांचे शिष्य, व्यवसायाने वैद्य, आणि चित्रकलेत व शिल्पकलेत इतके निष्णात की पुढे पॅरिसच्या ललितकला विद्यालयात शरीररचनाशास्त्राचे अध्यापन त्यांच्याकडे आले. १८८१ साली त्यांनी हिस्टेरियाच्या ‘महा-आवेगा’वर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात एक विस्तीर्ण तक्ता जोडलेला आहे, आणि मनोविकारांची माहिती चित्ररूपाने सांगण्याच्या इतिहासात या तक्त्याचे स्थान मला फार मोठे वाटते. शार्को यांच्या सिद्धान्तानुसार आवेगाच्या अवस्था चार: प्रथम अपस्माराच्या झटक्यासारखी अवस्था, मग अंगविक्षेपांची व कमानीची, मग आवेशपूर्ण मुद्रांची, जीत रुग्ण जणू एखादा भूतकाळचा प्रसंग पुन्हा जगत असतो, आणि शेवटी प्रलापाची. तक्त्याच्या वरच्या आडव्या ओळीत या अवस्थांचे आदर्श स्वरूप क्रमाने रेखाटले आहे. प्रत्येक आकृतीच्या खाली उभ्या रांगेत तिचे नाना प्रकारभेद, लहान लहान आकृत्यांनी, एकाखाली एक मांडले आहेत. डावीकडून उजवीकडे वाचावे तर आवेगाचा काळ उलगडतो, वरून खाली वाचावे तर त्याची विविधता उलगडते. ज्या विकाराला शतकानुशतके वैद्यांनी लहरी, ढोंगी आणि नियमहीन म्हणून हिणविले, त्याला एका कागदावर नियम, क्रम आणि भूगोलाच्या नकाशासारखी स्पष्टता प्राप्त झाली. हे रुग्ण ढोंग करीत नाहीत, त्यांच्या यातना खऱ्या आहेत, असे जगाला ठासून सांगण्याचा शार्को यांचा हेतू उदात्त होता, हे येथे नि:संदिग्धपणे नोंदविले पाहिजे. साल्पेत्रियेरमधील हजारो निराधार स्त्रियांकडे त्यांच्याइतक्या आस्थेने शास्त्रदृष्टीने पाहणारे त्या काळी फार थोडे होते.

तथापि तो नकाशा ज्या प्रदेशाचा होता तो प्रदेश इस्पितळाच्या तटबंदीबाहेर क्वचितच आढळला. १८७० च्या सुमारास झालेल्या फेरव्यवस्थेत अपस्माराच्या आणि हिस्टेरियाच्या रुग्ण स्त्रियांना एकाच विभागात ठेवण्यात आले होते. एकीचे झटके दुसरी रोज पाहत होती. विभागात छायाचित्रणाची व्यवस्था होती, आणि तेथलेच वैद्य बूर्नव्हिल व रेन्यार यांनी १८७६ पासून प्रसिद्ध केलेल्या छायाचित्रसंग्रहामुळे कोणती मुद्रा टिपण्याजोगी व कोणती टाकाऊ हे रुग्णांनाही कळून चुकले असले पाहिजे. कोणत्या रुग्णाला व्याख्यानगृहात बोलावणे येते आणि कोणती अंधाऱ्या खोलीत विस्मृत होते, हे कोणालाही शब्दांत सांगावे लागत नव्हते. नान्सी येथील वैद्य बर्नहाइम यांनी संमोहनाबाबत याच प्रकारचा आक्षेप घेतला: शार्को यांनी वर्णिलेल्या संमोहनाच्या तीन अवस्था यथासांग क्रमाने दाखविणारी रुग्ण त्यांना एकदाच आढळली होती, आणि ती साल्पेत्रियेरमध्ये काही वर्षे राहून आलेली होती. १८९३ साली शार्को निवर्तले, आणि त्यांच्या पाठोपाठ महा-आवेगही त्या वॉर्डांतून ओसरू लागला. ज्या बाबिन्स्कींनी चित्रात विटमानला हात दिलेला आहे, त्यांनीच नव्या शतकाच्या आरंभी हिस्टेरियाची लक्षणे सूचनेने उत्पन्न होतात व सूचनेने नाहीशी होतात असे प्रतिपादन करून गुरूच्या तक्त्याचा आधार काढून घेतला.

क्षयरोगाचे भित्तिपत्रक करणाऱ्याला रिशे यांना नसलेली एक सोय असते. जंतू आहे, फुप्फुस आहे, थुंकी आहे, क्ष-किरणांची काच आहे. ओटो नॉयराथ यांनी व्हिएन्नात १९२५ पासून आपल्या संग्रहालयात जी चित्रभाषा घडविली, तिच्यातून पुढे अमेरिकेत क्षयरोगाविरुद्धचे प्रदर्शन उभे राहिले तेव्हा संसर्ग कसा पसरतो हे दाखविण्यासाठी त्यांना काही कल्पून घ्यावे लागले नाही. मनोविकाराला असे दृश्य शरीर नाही. ज्याला आवाज ऐकू येतात तो बाजारात तुमच्याआमच्यासारखाच उभा असतो. म्हणून त्याचे चित्र काढणाऱ्याला आकार अन्यत्रून उसना आणावा लागतो: कधी रंगभूमीवरचा क्रम, कधी कचेरीतला रकाना, कधी उतरता जिना, कधी किमतीची पाटी. आणि ज्या विकाराला स्वतःचे बाह्य रूप नाही, त्याला हा उसना आकार इतका घट्ट चिकटतो की पुढे लोक, वैद्य आणि स्वतः रुग्णही त्या आकारालाच विकार समजू लागतात. मनोविकारांविषयीचे गैरसमज केवळ अज्ञानातून उपजले असे आपण मानतो. पण त्यांतील कित्येक, माझ्या मते अत्यंत चिवट असे, ज्ञानदानाच्या प्रामाणिक हेतूने काढलेल्या तक्त्यांतूनच उपजले.

कचेरीतल्या रकान्याचे उदाहरण आपल्या घराजवळचे आहे. मुंबई इलाख्यात कुलाबा, पुणे, रत्नागिरी, धारवाड आदी ठिकाणी वेड्यांची इस्पितळे होती, आणि त्यांचे वार्षिक अहवाल सरकारात रुजू होत. त्या अहवालांत रुग्णांची जात, धर्म, धंदा, वय यांच्या जोडीला वेडाच्या कारणांचा एक तक्ता असे. रुग्ण बहुधा फौजदारी अंमलदाराच्या हुकुमाने येई. त्याच्याबरोबर वर्णनाचा कागद येई. त्या कागदावर ‘कारण’ असा एक रकाना असे, आणि तो कोरा ठेवणे दफ्तराच्या शिरस्त्यात बसत नसे. रस्त्यावर भटकताना धरलेल्या, नातलग नसलेल्या, आपली जबानी सुसंगतपणे देऊ न शकणाऱ्या माणसाच्या वेडाचे कारण पोलिसाने कोठून आणावे? गांजा ओढणे हे कारण सोयीचे होते. ते ऐकीव असले तरी चालत असे, आणि एकदा लिहिले गेले म्हणजे इस्पितळाचा सुपरिंटेंडेंट, जो पुष्कळदा इतर कामे सांभाळून हा कारभार पाहणारा सिव्हिल सर्जन असे, ते तसेच पुढे उतरवून घेई. अशा नोंदींच्या बेरजा झाल्या, बेरजांचे तक्ते झाले, तक्ते विलायतेपर्यंत गेले, आणि गांजा हिंदुस्थानातील वेडाचे एक मुख्य कारण आहे असे सिद्ध झाल्याचे मानले गेले. १८९३ साली हिंदुस्थान सरकारने भांग-गांजाच्या चौकशीसाठी कमिशन नेमले. मॅकवर्थ यंग हे त्याचे अध्यक्ष होते, सभासदांत तीन एतद्देशीय गृहस्थ होते, आणि कमिशनने हजारावर साक्षी नोंदविल्या. पण त्याचे सर्वांत मोलाचे काम निराळे होते. १८९२ साली इस्पितळांत दाखल झालेल्या आणि गांजामुळे वेडे झाल्याची नोंद असलेल्या रुग्णांची त्याने एकेकाच्या गावी चौकशी करविली. नोंदीमागे पुरावाच नाही असे कितीतरी प्रकरणांत निष्पन्न झाले, आणि या आकड्यांवर विसंबता येणार नाही असा स्पष्ट अभिप्राय कमिशनने दिला. मनोविकाराच्या संख्याशास्त्राची इतकी कसोशीने उलटतपासणी त्या शतकात अन्यत्र क्वचितच झाली असेल. आपल्या शाळांतून तिचा उल्लेखही होत नाही, याची मला खंत वाटते.

त्याच दशकात हायडेलबर्ग येथे मनोविकारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन प्रत्येक रुग्णासाठी एकेक टिपणपत्ता तयार करून त्यावर लक्षणे, प्रगती आणि परिणाम नोंदवीत होते, आणि पत्त्यांचे ढीग पुनःपुन्हा लावून विकारांची विभागणी करीत होते. १८९९ च्या आपल्या ग्रंथाच्या आवृत्तीत त्यांनी दोन मोठे वर्ग ठरविले: चढउतार होऊन पुन्हा पूर्वस्थितीवर येणारा, आणि तारुण्यात सुरू होऊन बुद्धीच्या ऱ्हासाकडे नेणारा. दुसऱ्या वर्गातलेही काही रुग्ण बरे झाल्याचे त्यांच्याच टिपणांत आहे. परंतु वर्गीकरणाचा पायाच परिणामावर रचलेला असल्याने ‘ऱ्हास’ हा शब्द निदानाबरोबरच रुग्णाच्या कपाळी लिहिला जाऊ लागला. झुरिचच्या ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९०८ मध्ये या विकाराला स्किझोफ्रेनिया हे नाव देताना हा ऱ्हास अटळ नाही आणि हा एक विकार नसून विकारांचा समूह आहे असे बजावले. आपण ज्याला छिन्नमनस्कता म्हणतो तो हाच. एका देहात दोन माणसे वास करतात अशी जी समजूत चित्रपटांनी रूढ केली, तिचा या विकाराशी काही संबंध नाही. इतरांना न ऐकू येणारे आवाज, अढळ भ्रामक समजुती, विचारांची सैल झालेली वीण आणि हळूहळू मावळणारी उमेद, ही त्याची लक्षणे.

या विकाराचे जे चित्र विसाव्या शतकात सर्वाधिक लोकांनी पाहिले ते मात्र कोणा वैद्याने काढलेले नाही. ते मांजरांचे आहे. लुई वेन यांचा जन्म १८६० साली लंडनमध्ये झाला. वडील कापडाच्या व्यापारात, आई मूळची फ्रेंच व विणकामाच्या नक्षीत कुशल. १८८४ मध्ये त्यांनी बहिणींची शिक्षिका एमिली रिचर्डसन हिच्याशी विवाह केला. लवकरच ती कर्करोगाने अंथरुणाला खिळली, आणि तिचे मन रमावे म्हणून वेन पीटर नावाच्या घरच्या मांजराची चित्रे काढू लागले. १८८७ साली एमिली गेली. दरम्यान १८८६ च्या नाताळात ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’मध्ये त्यांचे मांजरांच्या मेजवानीचे चित्र प्रसिद्ध झाले होते, आणि त्यानंतरची सुमारे तीन दशके चहा पिणारी, गोल्फ खेळणारी, चष्मा लावून वर्तमानपत्र वाचणारी त्यांची मांजरे इंग्लंडमधल्या घरोघरी होती. पैशाचा व्यवहार त्यांना कधी जमला नाही. चित्रांचे हक्क ते नाममात्र मोबदल्यात देऊन टाकीत, आणि अविवाहित बहिणींचा संसार त्यांच्यावर होता. वय वाढले तसा त्यांचा संशय वाढला, वागणे उग्र झाले, आणि १९२४ साली त्यांना वेडे ठरवून टूटिंगच्या स्प्रिंगफील्ड इस्पितळातील कंगालांच्या वॉर्डात भरती करण्यात आले. पुढल्या वर्षी एका भेट देणाऱ्याने त्यांना तेथे ओळखले. मग वर्गणीसाठी जाहीर आवाहन झाले, एच. जी. वेल्स यांनी त्यासाठी आपला शब्द खर्ची घातला, रॅमसे मॅक्डोनल्ड यांनी लक्ष घातले, आणि वेन यांची रवानगी बेथलेम इस्पितळात व १९३० मध्ये तेथून हर्टफर्डशरमधील नॅप्सबरी येथे झाली, जेथे बाग होती आणि मांजरेही होती. तेथे ते अखेरपर्यंत चित्रे काढीत राहिले. ४ जुलै १९३९ रोजी त्यांचा अंत झाला.

त्याच वर्षी वॉल्टर मॅक्ले या मनोविकारतज्ज्ञांना लंडनमधील जुन्या वस्तूंच्या एका दुकानात वेन यांची काही चित्रे मिळाली. मॅक्ले आणि त्यांचे सहकारी एरिक गुटमन हे मॉड्स्ली इस्पितळात मनोविकार व चित्रकला यांचा संबंध अभ्यासीत होते. चित्रांवर तारखा नव्हत्या. मॅक्ले यांनी ती ओळीने मांडली: आधी मऊ केसांचे, मोठ्या डोळ्यांचे, सहज ओळखू येणारे मांजर, मग विस्फारलेल्या नजरेचे, भोवती रंगीत तरंग असलेले, मग ज्याचे कान व मिशा नक्षीत विरघळू लागल्या आहेत असे, आणि शेवटी मांजराचा मागमूसही न उरलेली, सममित, झगमगती, मंदिराच्या छतावरील कमळाकृतीसारखी नुसती आकृती. ही मांडणी पाहणाऱ्याच्या मनाची पकड क्षणात घेते. प्रेमळ ते भेसूर, भेसूर ते अमूर्त. एका बुद्धीचा कडेलोट टप्प्याटप्प्याने समोर घडतो आहे असे वाटते. मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांनी ही मालिका कित्येक दशके छापली, आणि छिन्नमनस्कता म्हणजे काय या प्रश्नाचे उत्तर म्हणून असंख्य विद्यार्थ्यांनी तीच ध्यानात ठेवली.

मालिकेतील प्रत्येक चित्र खरे आहे. त्यांचा क्रम तेवढा मॅक्ले यांचा आहे. वेन यांनी ती त्या क्रमाने काढली असे दाखविणारा काही पुरावा नाही, आणि उलट दिशेने बोलणाऱ्या गोष्टी पुष्कळ आहेत. इस्पितळातील वास्तव्याच्या अखेरच्या काळातही ते आपली जुनी, खेळकर, सुबक मांजरे काढीत होते. कोनांनी व पट्ट्यांनी घडविलेली, त्या वेळच्या नव्या कलापंथांची छाया असलेली त्यांची चिनीमातीची मांजरे १९१४ मध्ये, म्हणजे वेडाचा शिक्का बसण्याच्या दहा वर्षे आधी, बाजारात आली होती. नक्षीची आवड कोठून आली हे शोधण्यासाठीही इस्पितळात जावे लागत नाही, आईच्या विणकामाच्या चौकटीपाशी व वडिलांच्या कापडाच्या ठाणांपाशी जावे लागते. १९६८ साली रॉडनी डेल यांनी लिहिलेल्या चरित्रात या मालिकेच्या कालक्रमाला हरकत घेतली गेली. वेन यांना छिन्नमनस्कताच होती की दुसरे काही, याविषयीही पुढे तज्ज्ञांत मतभेद झाले. तरीही ती मालिका आजही हातोहात फिरते. मला वाटते याचे कारण तिच्या रचनेत आहे. डावीकडून उजवीकडे जाणाऱ्या चित्रांच्या ओळीला आपले डोळे काळाची ओळ म्हणूनच वाचतात, आणि शेवटचे चित्र हा शेवट असे गृहीत धरतात. खाली कितीही सावधगिरीचा मजकूर लिहिला तरी डोळ्याने काढलेला तो निष्कर्ष पुसला जात नाही. ज्या माणसाने आजारातही पंधरा वर्षे कुंचला खाली ठेवला नाही, हातातले कसब गमावले नाही, आणि ज्याने काढलेली ती भौमितिक चित्रे कदाचित त्याच्या आयुष्यातील सर्वांत निर्भय कलाकृती असतील, त्याच्या श्रमाचा उपयोग तो संपत चालल्याचा दाखला म्हणून झाला, हा अन्याय लहान नव्हे.

जर्मनीत तर आकाराच्या उसनवारीने याहून भीषण परिणाम घडविले. १४ जुलै १९३३ रोजी तेथे आनुवंशिक रोग्यांच्या निर्बीजीकरणाचा कायदा मंजूर झाला, आणि त्यात नावानिशी नमूद केलेल्या विकारांत छिन्नमनस्कता होती. १९३८ च्या सुमारास नाझी पक्षाच्या वंशविषयक कचेरीच्या मासिकासाठी केलेले एक भित्तिपत्रक प्रसिद्ध आहे: खुर्चीत बसलेला एक विकल मनुष्य, मागे पांढऱ्या डगल्यातला परिचारक, आणि वर ठळक अक्षरांत ६०,००० मार्क हा आकडा, जो त्या रुग्णाच्या जन्मभराच्या पालनपोषणाचा खर्च म्हणून जनतेला सांगितलेला होता. शाळेच्या अंकगणितातही अशी उदाहरणे घालण्यात आली. रेखाटन नीटस होते, आकडा वाचनीय होता, संदेश एका दृष्टिक्षेपात कळत होता. भित्तिपत्रकाच्या कलेचे सारे नियम त्यात पाळले होते. १९४० आणि १९४१ मध्ये इस्पितळांतून उचलून विषारी वायूने ठार केलेल्या रुग्णांची संख्या हे हत्याकांड करणाऱ्या यंत्रणेच्या स्वतःच्या हिशेबातच ७० हजारांवर आहे. त्यांत फ्रान्झ कार्ल ब्यूलर होते. १८९३ च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनात ज्यांच्या लोखंडी कलाकामाचा गौरव झाला होता, ज्यांना छिन्नमनस्कतेच्या निदानाने आयुष्याचा उत्तरार्ध इस्पितळांत काढावा लागला, आणि ज्यांची रेखाचित्रे मनोविकारतज्ज्ञ हान्स प्रिन्झहॉर्न यांनी मनोरुग्णांच्या कलेवरील १९२२ च्या आपल्या ग्रंथात टोपणनावाखाली मोठ्या आदराने छापली, ते हेच ब्यूलर.

या इतिहासात दिलासा देणारी एक आकृती आहे, आणि ती फारशी कोणाला माहीत नाही. स्वित्झर्लंडमधील लोझान येथे ल्युक चोम्पी यांनी छिन्नमनस्कतेच्या अशा रुग्णांचा मागोवा घेतला जे वार्धक्यापर्यंत हयात होते. २८९ रुग्ण, आणि पहिल्या भरतीपासून सरासरी सुमारे ३७ वर्षे. १९८० साली इंग्रजीत प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात विकाराचा जीवनक्रम त्यांनी आठ लहान रेषांनी दाखविला. आरंभ आकस्मिक की मंद, मधला काळ लाटांचा की सलग, शेवट सौम्य की तीव्र, या तीन प्रश्नांच्या उत्तरांच्या संयोगांतून आठ प्रकार होतात. कोणतीही रेषा ‘खरा’ विकार म्हणून वर ठेवलेली नाही. सर्वांत अधिक रुग्ण ज्या प्रकारात आढळले, सुमारे एक चतुर्थांश, त्यात आरंभ आकस्मिक होता, मधे लाटा होत्या, आणि शेवट चांगला होता; एकंदर रुग्णांपैकी निम्म्याच्या जवळपास लोक उतारवयात पूर्ण बरे झालेले किंवा किरकोळ त्रास उरलेले असे आढळले. ऑयगेन ब्लॉयलर यांचे चिरंजीव मानफ्रेड यांनी २०८ रुग्णांच्या दीर्घ निरीक्षणातून १९७२ मध्ये असेच आशादायक चित्र मांडले होते. जागतिक आरोग्य संघटनेने नऊ देशांत जो प्रारंभिक अभ्यास हाती घेतला, त्यात भारताचे केंद्र आग्रा होते, आणि काही वर्षांनी त्याच रुग्णांची पुन्हा पाहणी झाली तेव्हा आग्रा व नायजेरियातील इबादान येथील रुग्णांची स्थिती श्रीमंत देशांतील रुग्णांपेक्षा चांगली आढळली. या निष्कर्षाच्या कारणांविषयी वाद झाले आणि होत राहतील. पण एकाच उतरत्या जिन्याच्या चित्राला तो जागा ठेवीत नाही.

महाराष्ट्रात हे चित्र बदलण्याचे काम ज्यांनी अंगावर घेतले त्यांत रुग्णांचे आप्तच पुढे होते. कॅनडातील कॅल्गरी विद्यापीठात संख्याशास्त्राचे अध्यापन करणारे, मूळचे खानदेशातील डॉ. जगन्नाथ वाणी यांनी हा विकार आपल्या घरात पाहिला होता. त्यांच्या पुढाकाराने १९९७ मध्ये पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन स्थापन झाली, आणि सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांचा ‘देवराई’ हा २००४ चा चित्रपट त्यांच्याच पाठबळाने निघाला. त्या चित्रपटात अतुल कुलकर्णी यांनी उभा केलेला शेष हा नायक पाहताना विकाराच्या अवस्था मोजाव्यात असे कोणाला वाटत नाही. त्याची देवराईवरची भक्ती, त्याची बुद्धिमत्ता, त्याची भीती आणि त्याच्या बहिणीची दमछाक ही एकमेकांत गुंतून येतात, आणि उपचारानंतर तो कामाला लागतो तेव्हाही सर्व काही निवळले असा बहाणा केला जात नाही. स्वमदत गटाच्या बैठकीत रुग्ण आणि नातलग एकत्र बसून औषधांनी वाढणारे वजन, सुटलेली नोकरी, लग्नाच्या बोलणीत सांगावे की लपवावे हा प्रश्न, अशा गोष्टी बोलतात. कोणत्याही तक्त्यात आजवर ज्यांना रकाना मिळाला नाही अशा त्या गोष्टी आहेत.

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम ३० अन्वये मनोविकारांविषयी जनजागृती करणे आणि त्यांवरचा कलंक कमी करणे हे सरकारचे कर्तव्य ठरविलेले आहे, म्हणजे भित्तिपत्रके निघणार, इस्पितळांच्या, शाळांच्या व तहसील कचेऱ्यांच्या भिंतींवर लागणार. ती करणाऱ्या तरुण चित्रकारांना माझी आग्रहाची विनंती आहे की दुभंगलेला चेहरा, डोक्यातून उडणारे तुकडे आणि अंधारातून उजेडाकडे जाणारा बाण ही तिन्ही चिन्हे त्यांनी पहिल्याच मसुद्यातून काढून टाकावीत. आकडा द्यावयाचा तर सुमारे ३०० माणसांत एक हे प्रमाण द्यावे, आणि ती ३०० माणसे एका गावच्या आठवडे बाजारात हिंडताफिरताना काढावीत, त्यांतला तो एक कोण हे न दाखविता. विकाराची वाट दाखवावयाची तर एक रेषा न काढता निरनिराळ्या चार-पाच काढाव्यात, चढणाऱ्या, लाटांच्या, खाली राहिलेल्याही, कारण ज्यांचा आजार हटला नाही त्यांना पत्रकाबाहेर ठेवणे हाही एक प्रकारचा खोटेपणा आहे. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी दूरध्वनी-सेवेचा १४४१६ हा क्रमांक वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत असावा. आणि मसुदा छापखान्यात जाण्यापूर्वी तो अशा दहा-पाच लोकांपुढे ठेवावा ज्यांनी हे आवाज स्वतः ऐकले आहेत, त्यांच्या दुरुस्त्या शोभेसाठी मागवू नयेत, आणि त्यांनी एखादे चित्र काढून टाका म्हटले तर ते कितीही सुंदर असले तरी काढून टाकावे. त्याच कायद्याचे पाचवे कलमही पत्रकाच्या एका कोपऱ्यात नमूद करण्याजोगे आहे: कोणत्याही सज्ञान व्यक्तीला, तिला पूर्वी मनोविकार झालेला असो वा नसो, पुढे कधी स्वतःचा निर्णय घेण्याची क्षमता हरपली तर आपल्यावर कोणते उपचार व्हावेत, कोणते होऊ नयेत आणि आपल्या वतीने कोणी बोलावे, हे आधीच लिहून ठेवण्याचा हक्क त्या कलमाने दिलेला आहे.